किंचित ढिलं राहू द्या

खंडेनवमीला महाराष्ट्रात सगळ्यात जास्त हाल कोणाचे होत असतील, तर सायकलच्या मागच्या हबचे. वर्षभर सायकलीकडे ढुंकूनही न बघणारी माणसं त्या सकाळी पार्किंगमध्ये लेंगा खोचून नळी हातात घेतात. रिमा चकचकीत होतात, मडगार्ड उजळतं, घंटी पुसली जाते. मग हँडलला झेंडूची माळ, सीटवर हळदकुंकवाची बोटं आणि चाकाखाली लिंबू. नळीचा सगळा जोर मात्र एकाच जागी लागलेला असतो, चाकाच्या बरोबर मधोमध. तिथे तेलाची आणि धुळीची काळी पुटं साठलेली असतात आणि ती काढल्याशिवाय भक्ताचं समाधान होत नाही. पुटं निघत नाहीत. पाणी मात्र आत जातं. आत गेलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सोनं लुटायला बाहेर येत नाही, तिथेच बिऱ्हाड करतं. ग्रीस पांढुरकं पडतं, पोलाद तांबूस होतं आणि दिवाळीपर्यंत मागच्या चाकातून पहिला सूर लागतो.

पूजेतून वाचलेले हब पावसाळ्यात सापडतात. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण पाणी ओसरत आलं की, 'एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं' म्हणून सायकल घालणारे वीर दर वर्षी निघतातच. 28 इंची चाकाची आस जमिनीपासून फूटभराहून जराशीच वर असते. पाणी पोटरीला लागलं की हबाचं मंगलस्नान झालंच. पलीकडे पोचल्यावर वीर आपली पँट पिळतो, मोबाइल पुसतो, सॉक्स काढून हँडलला टांगतो. हबाची विचारपूस कोणी करत नाही.

करणार तरी कशी? हब दिसतो कुठे? दिसतं ते त्याचं टरफल. आतमध्ये एक आस, आसेवर दोन्ही बाजूंनी फिरवून बसवलेले दोन कोन, हबाच्या दोन्ही तोंडांशी दोन कटोऱ्या आणि कोन-कटोरीच्या मध्ये छर्रे. मागच्या चाकात एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. चालवणारा माणूस, कॅरिअरवरचं गॅस सिलिंडर, हँडलला लटकवलेली भाजीची पिशवी आणि पुढच्या दांडीवर बसवलेला भाचा, या सगळ्या संसाराचा मोठा वाटा हे अठरा छर्रे वाहतात. त्यांना ना झेंडू मिळतो, ना हळदकुंकू.

त्यांची तक्रार आवाजातूनच कळते. आधी बारीक खसखस, मग कर्रकर्र आणि मग दर फेऱ्याला एक 'टक्'. हा आवाज ऐकून हब खराब झाला असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सगळ्यांचं निदान एकच: "चेनला तेल दे." गुडघ्यापासून शेअर बाजारापर्यंत कशावरही आपल्याकडे दहा मतं असतात, पण सायकलच्या आवाजावर अखिल मराठी समाजाचं एकमत आहे. मग तेल येतं. कोणतं? घरात असेल ते. शिलाई मशीनचं, दाराच्या बिजागरीला घालायचं आणि सगळ्यात लाडकं म्हणजे खोबरेल. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजायला लागतं. पुण्याच्या डिसेंबरात पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास जातो. अशा पहाटे खोबरेल प्यालेली सायकल बाहेर काढावी, म्हणजे थंडीत न हलण्याचा हक्क फक्त माणसालाच नाही हे लक्षात येतं. जुन्या सायकलींच्या हबावर मधोमध तेलाचं भोक असायचं आणि त्यावर पत्र्याची सरकती पट्टी. त्या भोकातून तीन पिढ्यांनी इतक्या प्रकारची तेलं ओतली की आतलं ग्रीस विरघळून कधीच वाहून गेलं. नमनाला घडाभर तेल जिरायचं आणि मूळ आख्यान, म्हणजे हब उघडणं, राहूनच जायचं.

ते आख्यान घरी लावावं असं माणसाला का वाटतं? पैसे वाचतात हे कारण सगळे देतात. ते खोटं आहे. पाने, ग्रीस, ब्रश आणि हात धुवायचा खास साबण यांचा हिशेब मांडला तर त्यात दुकानदाराकडून चार वेळा काम करून घेता येईल. खरं कारण दुकानाच्या फळीवर असतं. तिथे सायकल ठेवली की तो चाकाकडे न बघता म्हणतो, "ठेवून जा, उद्या देतो." उद्या गेलं की सायकल त्याच जागी, त्याच कोनात, तुमच्याकडे पाठ करून उभी. परवा गेलं तरी तसंच. मधल्या काळात तिच्यावर त्याचा मुलगा गृहपाठ करतो. शेवटी माणूस चिडून तिला घरी आणतो आणि जाहीर करतो, "त्यात काय एवढं? मीच करतो." महाराष्ट्रातले बरेच कारखाने आणि बरीच भांडणं याच वाक्यापासून सुरू झालेली आहेत.

कारखान्यांचं मी उगाच म्हणत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते तेव्हा त्यांनी आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. घरी हब उघडायला बसलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या मनात हा इतिहास कुठेतरी चालू असतो. फरक एवढाच की ते सायकलपासून नांगरापर्यंत पोचले आणि आपण सायकलपासून सोफ्याखालपर्यंत पोचतो. छर्रे तिकडेच जातात.

तयारीपासूनच घरात वातावरण तापतं. पहिला प्रश्न रॉकेलचा. एके काळी रेशनचं निळं रॉकेल घरोघरी असायचं. आता घरात गॅस आहे, इंडक्शन आहे, एअर फ्रायर आहे, फक्त रॉकेल नाही. मग पंपावरून डिझेल आणायचं. पेट्रोल नको, ते भडकतं. डिझेलचं काम गॅलरीत, आणि संध्याकाळी देवापाशी दिवा लागायच्या आत उरकायचं. दुसरा प्रश्न टूथब्रशचा. हब घासायला जुना ब्रश लागतो, पण जुना कोणता हे ठरवायचा अधिकार प्रत्येक घरात एकाच व्यक्तीकडे असतो आणि ती व्यक्ती हब घासणारी नसते. तिसरा प्रश्न ताटलीचा. छर्रे ठेवायला काठ असलेली ताटली लागते.

"अहो, ती ढोकळ्याची आहे."

"पातेलं चालेल का?"

"कशाला चालेल? वर्तमानपत्र घ्या."

वर्तमानपत्राला काठ नसतात, ही गोष्ट छर्र्यांना फार लवकर कळते.

सायकल उलटी करून सीटवर आणि हँडलवर उभी केली की काम सुरू झालं असं वाटतं. तसं नसतं. आधी चाक निघायला हवं आणि आपल्या साध्या काळ्या सायकलीचं मागचं चाक ही एकत्र कुटुंबपद्धतीची शेवटची खूण आहे. आसेच्या एकेका टोकावर कोण कोण राहतं बघा: चिमट्याचं टोक, चेन ताणायचा तुकडा, मडगार्डची काडी, कॅरिअरची काडी, स्टँड, वॉशर आणि सगळ्यांच्या वर कर्ता पुरुष म्हणून नट. पंधरा नंबरच्या पान्याने नट काढला की मंडळी एकेक करून खाली उतरतात. उतरताना त्यांचा क्रम अगदी स्वाभाविक वाटतो. चढवताना मात्र आधी मडगार्ड की आधी कॅरिअर यावर घरात दोन तट पडतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर वाद टळतो, पण फोटोत बहुतेक वेळा काढणाऱ्याचा अंगठाच आलेला असतो. साधा उपाय एक तार घेण्याचा. निघालेली प्रत्येक वस्तू निघेल त्या क्रमाने तारेत ओवायची. परतीला उलट्या क्रमाने काढायची. वाद घालायची हौस असेल त्यांनी तार घेऊ नये.

चाक बाहेर आलं की फ्रीव्हील नसलेल्या बाजूने सुरुवात करायची. बाहेरचा लॉकनट, त्याखाली वॉशर, त्याखाली कोन. कोनला पकडायला चपटा पाना लागतो. साधा पाना जाड असतो, त्या फटीत तो शिरत नाही. तरीही तो शिरेल अशी आशा धरून त्याला हातोडीने समजावणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. लॉकनट सुटला, कोन बोटांनी फिरवत बाहेर आला की आस दुसऱ्या बाजूने अलगद ओढायची आणि चाक आडवं ठेवायचं. आता पहिल्यांदा आत बघायला मिळतं.

जवळून बघावं असं ते दृश्य असतं. कटोरीत तपकिरी काळसर चिखल. चिखलात बोट फिरवलं की खरखर लागते, कारण त्यात रस्त्यावरची बारीक वाळू आणि गंज एकत्र वाटलेले असतात. त्या चिखलातून एक गोल पाठ डोकावते. ती डिझेलमध्ये बुडवून ब्रशने घासली की आतून छर्रा निघतो, पण एका जागी त्याची झिलई गेलेली, मंद राखाडी. दुसरा घासला तर अजून चकचकीत, त्यात खिडकीचं तिरपं प्रतिबिंब. कोनवर नखाने खरवडून पाहावं. छर्रे जिथून धावतात त्या पट्ट्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतील तर नख अडकतं. नख अडकलं की कोन बदलायचा, नाही अडकलं की पुसून ठेवायचा. कुंडली पाहून लग्न ठरवणाऱ्या समाजाला इतकी सोपी कसोटी सहसा पटत नाही, म्हणून खड्डे पडलेले कोनही "अजून चालेल की" म्हणत पुन्हा आत जातात.

या टप्प्याला छर्रे पळतात. वर्तमानपत्रावरून गॅलरीत, गॅलरीतून पन्हाळीकडे. अशा वेळी फ्रीजवरचं महाबळेश्वरचं स्ट्रॉबेरीचं मॅग्नेट कामाला येतं. दारामागे, कुंडीखाली, चपलांच्या स्टँडखाली ते फिरवलं की हरवलेले छर्रे चिकटून येतात. सोबत दोन टाचण्या, मागच्या वर्षी हरवलेला स्क्रू आणि एक सेफ्टी पिनही येते. नेमके तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली उतरतात.

पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका पुण्याच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. नियमात कुठे लिहिलेलं नाही, पण त्यांच्याशिवाय सोसायटी पुरी होत नाही. मॅग्नेट बघून ते थबकतात.

"मॅग्नेटने उचललास? संपलं. आता त्याला लोखंडाचा कीस चिकटणार."

"काका, धुऊन घेतो."

"आणि बोटांनी धरतोयस! घामाने गंज चढतो. बेअरिंगला हात लावायचा नसतो, आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे."

चीड येते ती अशासाठी की काकांचं म्हणणं बरोबर असतं. छर्रा ही चीज खरोखरच नाजूक हिशेबाची आहे. चांगल्या छर्र्यांना प्रतवारी असते आणि त्या आकड्याचा अर्थ गोलपणात किती फरक चालेल असा असतो. ग्रेड 25 म्हणजे इंचाच्या दहा लाख भागांपैकी 25 भाग, बस. तेवढा गोलपणा माणसाच्या हातून होत नाही म्हणून 1883 मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी गोळ्या एकसारख्या घासणारं यंत्र तयार केलं. त्याच्या आधी, 1869 मध्ये, पॅरिसच्या ज्यूल सुरिरे नावाच्या सायकल कारागिराने सायकलच्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही 123 किलोमीटरची शर्यत झाली आणि बॉल बेअरिंगच्या सायकलवर जेम्स मूर ती जिंकले. त्यांना दहा तासांहून जास्त वेळ लागला. म्हणजे ताशी बारा किलोमीटरच्या आसपास. हा वेग कर्वे रस्त्याने संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आजतागायत जपून ठेवला आहे.

झिजलेले छर्रे निवडून तेवढेच बदलू नयेत. सगळे एकदम बदलावेत, नाहीतर नवा मोठा छर्रा सगळा भार एकटा उचलतो आणि लवकर मरतो. ही गोष्ट सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नवे छर्रे पेठेतल्या दुकानात मिळतात आणि ते चहाच्या पैशात येतात, पण मागायची रीत आहे. "सायकलचे छर्रे द्या" म्हणून चालत नाही.

"कुठल्या चाकाचे?"

"मागच्या."

"म्हणजे दोन सुती. की फ्रीव्हीलचे?"

आठ सूत म्हणजे एक इंच, हे माप कारागिरांकडे अजून जिवंत आहे. मागच्या हबात दोन सुताचे, म्हणजे पाव इंची छर्रे. पुढच्यात दीड सुताचे, एकेका बाजूला दहा. फ्रीव्हीलमध्ये एका सुताचे. दुकानदार पुडी बांधताना तुमच्या हाताच्या नखांकडे बघतो. नखं काळी असतील तर दोन छर्रे जास्त टाकतो. नखं स्वच्छ असतील तर म्हणतो, "सायकल घेऊन आला असता तर करून दिलं असतं. उद्याच."

कटोऱ्या पुसून कोरड्या झाल्या की ग्रीस. इथे एक गंमत आहे. लिथियम ग्रीस म्हणजे मुळात तेल, आणि ते तेल जागेवर धरून ठेवणारा एक प्रकारचा साबण. तो साबण बनवायला जे आम्ल लागतं ते एरंडेलापासून काढतात. जगात सगळ्यात जास्त एरंडी भारतात पिकते आणि भारतातली बरीचशी गुजरातेत. ज्यांचं बालपण रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल पिण्यात गेलं त्यांनी ग्रीसच्या डबीकडे जरा आदराने बघावं. आपले पूर्वज बैलगाडीच्या आसाला आणि तुंब्याला एरंडेलाचंच वंगण घालायचे. गाडीला आणि नातवाला एकाच बाटलीतून. दोघंही कुरकुरायचे, दोघंही नंतर सुरळीत चालायचे. मधल्या काळात शास्त्र एवढं पुढे गेलं की आता नातवाला सोडून दिलं आणि फक्त गाडीला उरलं.

ग्रीस कटोरीत बोटाने गोल फिरवून भरायचं आणि त्यात एकेक छर्रा दाबून बसवायचा. एक, दोन, तीन असं करत नववा बसतो. नववा बसल्यावर कडेला थोडी जागा उरते. ती जागा बघून माणूस अस्वस्थ होतो. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट असते ना, अर्धं अंग बाहेर आणि पाय वाटेत, पण तरी तिला सीट म्हणायचं आणि चौथ्याने "जरा सरकून घ्या" म्हटल्यावर तिघांनी मुकाट्याने सरकायचं? कटोरीतली मोकळी जागा बघितली की मराठी बोट नेमकं तेच म्हणतं: जरा सरकून घ्या, अजून एक बसेल. बसतो का? कधी कधी जोर लावून बसतोही. पण मग छर्र्यांना फिरायला जागा राहत नाही, ते एकमेकांना घासतात, एक वर चढतो आणि कोन फिरवताना कर्रकन् अडतो. जुन्या मेकॅनिकांचा नियम सोपा आहे: बसतील तेवढे बसवा आणि मग एक काढा. यंत्रशास्त्रात हे वाक्य दोन ओळींत येऊन जातं. आपल्याकडे ते पचायला पिढ्या लागतील. रिकामी जागा रिकामी ठेवायची असते हे ज्या समाजाला पटलं असतं, त्याच्या घरात दारामागे एवढ्या पिशव्या नसत्या.

छर्रे बसले, आस आत गेली, कोन बोटांनी फिरवत आत आला. आता सगळ्या कामाचा कस लागतो, कारण आता कोन आवळायचा असतो आणि तो आवळायचाही नसतो. छर्र्यांना टेकेल इतपत आत न्यायचा आणि मग केसभर मागे घ्यायचा. घट्ट केला तर आस बोटांत फिरवताना दाणेदार लागते, छर्रे कटोरीत रुततात आणि काही महिन्यांत कोनवर खड्डे. सैल राहिला तर चाक डावी-उजवीकडे डुलतं. मधलं जे आहे त्याला आकडा नाही. पुस्तकात लिहितात 'किंचित'. चिमटीत आस धरून हलवून बघायची. हलल्याचं कळतंय न कळतंय असं वाटलं की थांबायचं.

हे 'किंचित' आपल्या प्रकृतीत नाही. आपल्याला दोनच गोष्टी येतात, आवळणं आणि सोडून देणं. लहान मूल असेल तर एक तर त्याचे कान पिळायचे, नाहीतर "जाऊ दे, लहान आहे." नळ गळत असेल तर एक तर वायसर फाटेपर्यंत पिळायचा, नाहीतर खाली बादली ठेवायची. सभा असेल तर एक तर प्रत्येक ठरावाला हरकत, नाहीतर चहा पिऊन घरी. मधल्या जागी हात थांबवायला शिकवणारी कुठलीही संस्था आपल्याकडे नाही. सायकलचा हब ती फुकटात शिकवतो, पण वर्गात कोणी टिकत नाही.

त्यातून हब स्वतःच खट्याळ. कोन नेमका बसला म्हणून वॉशर घालून लॉकनट आवळायला घेतला की त्याच्याबरोबर कोनही थोडा आत सरकतो. झालं, दाणे लागायला लागले. मग लॉकनट सैल, कोन केसभर मागे, पुन्हा लॉकनट. आता कोन जास्तच मागे गेला, चाक डुलतंय. पुन्हा. चपट्या पान्याने कोन जागेवर धरून दुसऱ्या पान्याने लॉकनट त्याच्यावर आवळायचा, हे कळतं सगळ्यांना. पण दोन हातांत दोन पाने, गुडघ्यात चाक आणि काका बोलतायत, अशा अवस्थेत ते साधायला योगसाधनाच हवी. क्विक रिलीझच्या नव्या सायकली घेणाऱ्यांचं तर आणखी वेगळं. तिथे आस पोकळ असते आणि चाक लावताना तिच्यावर दाब येऊन उरलेला ढिलेपणा निघून जातो. म्हणून हातात धरल्यावर जराशी हलणारी आस मुद्दाम ठेवायची असते. मुद्दाम सैल ठेवलेला नट काकांना दाखवू नये. त्यांना रात्री झोप लागत नाही.

मागच्या चाकावर आणखी एक संस्थान आहे, फ्रीव्हील. पायडल मारणं थांबवल्यावर टिक्-टिक्-टिक् असा जो आवाज येतो तो त्याच्या आतल्या दात्यांवरून सरकणाऱ्या छोट्या पोलादी खिट्ट्यांचा. मेकॅनिक त्यांना कुत्री म्हणतात. पायडल मारलं की कुत्री दात धरतात आणि चाक ओढतात, थांबलं की दातांवरून नुसती टकटकत जातात. जपानमध्ये शिमानो कंपनीची सुरुवात 1921 मध्ये साकाई शहरात याच एका वस्तूपासून झाली, इतकी ती मानाची आहे. तिला ग्रीस घालू नये. ग्रीसने कुत्री चिकटून बसतात आणि चढावर ऐन वेळी दात धरत नाहीत. पाय गरकन फिरतो आणि नडगीवर पायडल बसतं. पातळ तेलाचे थेंब फटीत सोडून चाक फिरवलं की पुरे. पण हब जमला या आनंदात काही जण फ्रीव्हीलही उघडायला जातात. त्याच्या तोंडावरच्या कड्याला उलटे आटे असतात, त्यामुळे उघडणारा माणूस आधी अर्धा तास ते आवळत बसतो. शेवटी ते सुटतं तेव्हा आतून एका सुताचे छर्रे डझनांनी सांडतात आणि त्यांच्या मागोमाग कुत्री आणि त्यांच्या केसाएवढ्या स्प्रिंगा. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ गॅलरीत बसल्या बसल्या येते. फ्रीव्हीलच्या फंदात पडू नये. ते दुकानाचं खातं आहे. ते उद्या मिळालं तरी चालतं.

चाक परत चढलं, तारेवरची मंडळी आपापल्या जागी गेली, चेन ताणून बसली. सायकल उलटीच ठेवून चाकाला एक हलकी टिचकी मारावी. ते बराच वेळ नुसतं फिरत राहतं, मग मंदावतं, थांबता थांबता उलट जातं, पुन्हा सुलट येतं आणि झुलत झुलत शेवटी व्हॉल्व्ह किंवा रिफ्लेक्टर, जे जड असेल ते, खाली येऊन थांबतं. चाक असं झुललं म्हणजे हब जमला. झुलता झुलता एकदम थबकलं म्हणजे कोन घट्ट आहे. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. सकाळपासून चाललेल्या खटाटोपाचा दृश्य परिणाम म्हणजे गॅलरीतल्या फरशीवर एक डाग आणि वॉशबेसिनवर काळी बोटं. डिझेल गेलं, ब्रश गेला, हाती शेवटी ढोकळ्याचीच ताटली आली, आणि तीही आता ढोकळ्याची राहिली नाही. घरात विचारतात, "नक्की काय केलंत?" उत्तर देता येत नाही. स्वच्छ हब आणि घाणेरडा हब बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून तर आपल्याकडे रिमा धुतात.

सायकल खाली पार्किंगमध्ये नेऊन लावली की पुढचं सुरू होतं. काका येतात. सहज म्हणून मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवतात. 'किंचित' त्यांच्या तळव्याला लगेच कळतं.

"ढिलं आहे रे."

"काका, मुद्दाम ठेवलंय."

"मुद्दाम? मुद्दाम कोणी ढिलं ठेवतं का? थांब, आवळून देतो."

काका गेले की सेक्रेटरी येतात. त्यांनाही चाक हलवून बघावंसं वाटतं. त्यांच्यानंतर रात्रीचा वॉचमन, जो लहानपणी गावाकडे मामाच्या सायकल दुकानात बसायचा. प्रत्येकाच्या मनात निखळ चांगुलपणा असतो. कोणी विचारत नाही, कोणी पैसे मागत नाही, केलेलं सांगतही नाही. प्रत्येक जण आपल्या हाताने एकच आटा घेतो, एकच. दुसऱ्याने आवळलेला नट स्वतः एकदा आवळल्याशिवाय सोडायचा नाही, हा आपल्या शेजारधर्माचा भाग आहे. आठवड्याभरात कोन छर्र्यांना रुततो, महिन्याभरात कर्रकर्र सुरू होतं आणि सगळे पुन्हा एकमुखाने सांगतात, "चेनला तेल दे."

माझ्या पाहण्यात हब पाण्याने जेवढे गेले त्याहून जास्त आपुलकीने गेले. म्हणून घरी हब साफ करणाऱ्यांसाठी एक शेवटची पायरी सांगून ठेवतो, ती कुठल्याच पुस्तकात दिलेली नसते. ग्रीस पुसलं, हात धुतले, सायकल खाली लावली की चपटा पाना लपवून ठेवायचा. काकांकडे त्यांचा स्वतःचा असतो. त्यांचाही लपवायचा.